नववीतल्या मुलाला दोन दिवस द्या

गोव्यात पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, कितीतरी घरांची चूल दुसऱ्यांच्या सुट्टीवर पेटते. कुणाची टॅक्सी आहे, कुणाचा किनाऱ्यावरचा शॅक, कुणी हॉटेलात रिसेप्शनवर, कुणी घरामागच्या दोन खोल्या रंगवून भाड्याने दिल्यात. आलेल्या पाहुण्याची सुट्टी चांगली जावी म्हणून आपण राबतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण याच घरांत तेरा ते सतरा वर्षांची जी मुलं आहेत, त्यांनी आपल्या आईबरोबर किंवा बाबांबरोबर, दोघांनीच, कधी दोन दिवस बाहेर काढलेत का, असं विचारून बघा. समोरचा माणूस बहुतेक वेळा उलट आपल्यालाच विचारतो: दोघांनीच म्हणजे? बाकीचे कुठे गेले?

माझी मागणी साधी आहे. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला शाळेने वर्षातून दोन दिवस द्यावेत. ते हजेरीत धरावेत, वर्षातल्या कुठल्याही महिन्यात घेता यावेत, आणि अट एकच असावी: मुलाने एका पालकाबरोबर कुठेतरी जायचं. एका म्हणजे एकाच. भावंडं नाहीत, काका-मावशी नाहीत, ट्रॅव्हलर भरून निघालेली वरात नाही. पालकसभेत मी हे बोलले तेव्हा मागच्या बाकावरून एक बाबा म्हणाले, 'गोव्यात राहून आणखी सुट्टी कसली मागताय?' सगळे हसले. मलाही हसू आलं. पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं, कारण गोव्यातल्या मुलांची गोची नेमकी तिथेच आहे.

कॅलेंडर उघडून बघा. आपल्याकडे पर्यटकांचा मोसम ऑक्टोबरपासून चढत जातो आणि नाताळ-नववर्षाच्या आठवड्यात उतू जातो. मुलांना नाताळची सुट्टी असते तेव्हा टॅक्सीवाल्या बापाला जेवायलाही फुरसत नसते. मे महिन्यात मुंबई-पुण्याकडची, बेळगावकडची कुटुंबं येतात, तेव्हाही तेच. मग जूनमध्ये पाऊस लागला की शॅक उतरवतात, वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, टॅक्स्या स्टँडवर झोपा काढतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे ट्रॉलरवरचा माणूसही घरी. आई-बाप मोकळे होतात त्याच महिन्यांत मुलं शाळेत डांबलेली. गावोगावचं हे रहाटगाडगं इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही.

२०२५ साली सहावी ते दहावीचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. उकाडा, वर्गातले पंखे, पिण्याचं पाणी, सगळ्याची चर्चा झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. उकाड्याचा मुद्दा खराच होता. पण त्या सगळ्या वादात सुट्टी म्हणजे 'शाळा नसलेले दिवस' एवढाच हिशेब चालला होता. त्या दिवसांत मूल कुणाबरोबर असतं, हा विषय सरकारच्याही तोंडून निघाला नाही आणि आम्हा पालकांच्याही नाही.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे काय सुट्ट्या कमी आहेत? नाहीत, मान्य. चतुर्थीला मूळ घरी जायचं. वर्षभर बंद असलेलं घर झाडायचं, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, आणि माटोळीच्या दांड्यांवर चढायला ही चौदा-पंधरा वर्षांचीच मुलं लागतात. मे महिन्यात आजोळ. मधे कुणाचं लग्न, कुणाची मुंज. मुंबईचे नातेवाईक कुलदैवताला आले की मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा, नागेशी अशी एका दिवसात चार देवळं आणि संध्याकाळी मिरामार. मला या सगळ्याचं मनापासून प्रेम आहे, मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. पण अशा गर्दीत पंधरा वर्षांच्या मुलाचं काम काय असतं? पिशव्या उचलायच्या, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, फोटो काढायचा, आणि मागच्या सीटवर कानात हेडफोन घालून बसायचं. चुलत-मावस भावंडांबरोबर तो खुलतो, धमाल करतो. आई-बापाशी मात्र दिवसभरात त्याचं बोलणं होतं ते 'पाण्याची बाटली कुणाकडे आहे?' एवढंच.

घरी तरी वेगळं काय असतं! जेवलास का, क्लासची फी भरली का, मोबाईल ठेव, उद्या पेपर आहे ना. मुलाशी आपण दिवसातून शंभर वाक्यं बोलतो आणि त्यातली नव्वद हुकूम किंवा चौकशी असतात. त्यात आई आणि बाबा दोघेही समोर असले की एक आघाडीच तयार होते. एकाने 'नाही' म्हटलं की दुसऱ्यालाही 'नाही' म्हणावं लागतं, नाहीतर रात्री दार लावून वेगळी सभा भरते. धाकटी बहीण समोर असली तर थोरल्याला समजूतदारपणाचं सोंग घ्यावं लागतं. घरात कुणाचंच कुणाशी फक्त दोघांत बोलणं होत नाही. दोघंच बाहेर पडली की ही सगळी नेपथ्यरचना मागे राहते. आईला बाबांची बाजू सांभाळायची नसते, मुलाला थोरलेपणा मिरवायचा नसतो.

अर्थात दोघंच गेली म्हणजे काही जादू होते असं नाही. गाडी भाड्याने घेतली, आईने नेटवरून सगळं ठरवलं, हॉटेलात नाश्ता, मग चार पॉइंट, मग परत, अशी सहल केली तर मूल तिथेही सामानच. जागा बदलली, हुकूम तेच. माझं म्हणणं असं की या वयाच्या मुलाबरोबर जायचं तर कारभार त्याच्या हातात द्यायचा. कुठे जायचं, कुठली बस, किती वाजता, जेवण कुठे, पैसे कुणाकडे, सगळं त्याने ठरवायचं. आपण मागून चालायचं आणि जमल्यास तोंड बंद ठेवायचं. हे शेवटचं सर्वांत कठीण.

इथे गोव्याचा एक खास अडथळा येतो. इथलं मूल सार्वजनिक वाहनाने फिरायलाच शिकत नाही. सकाळी बालरथ, म्हणजे शाळेची बस, दाराशी येतो, दुपारी तोच सोडतो, संध्याकाळी ट्यूशनला बाबांच्या स्कूटरच्या मागे. मग सोळावं लागलं-न लागलं की घरातली अॅक्टिव्हा रस्त्यावर. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ठाऊक असूनही चाव्या दिल्या जातात, कारण संध्याकाळी सातनंतर आतल्या गावांत बस मिळेल याची खात्री नाही आणि रविवारी तर विचारूच नका. मुलाने कुठे स्वतःच्या बळावर जाऊन यावं अशी सोय नसली की त्याच्यासमोर दोनच पर्याय उरतात: कुणीतरी नेऊन सोडायचं, नाहीतर बेकायदा गाडी हाणायची. मधला मार्ग, म्हणजे बसचं वेळापत्रक बघणं, बस बदलणं, अनोळखी माणसाला विचारणं, हा त्याच्या वाट्यालाच येत नाही.

विरोधाभास बघा. याच गोव्यात १९७८-७९ मध्ये विद्यार्थी बसभाड्यात ५० टक्के सवलत मागायला रस्त्यावर उतरले होते. सरकार हादरलं होतं त्या आंदोलनाने. पाठोपाठ १९८० मध्ये कदंब वाहतूक महामंडळ उभं राहिलं. त्या वेळची मुलं आज साठीच्या घरात आहेत. आजोबांनी अर्ध्या तिकिटासाठी लाठ्या खाल्ल्या आणि नातवाला मडगावचा कदंबा स्टँड कुठून सुरू होतो ते माहीत नाही, असं घर मी पाहिलंय.

आमचं सांगते. मुलगा नववीत, मी सरकारी नोकरीत, घर फोंड्याला. ठिकाण त्यानेच निवडलं: रिवणजवळचं उसगाळीमळ. कुशावती नदीच्या काठावर जांभ्या दगडाच्या सपाट पात्रात आदिमानवाने कोरलेली चित्रं आहेत तिथे. १९९३ साली ती अभ्यासकांच्या नजरेत आली. मी जन्मले गोव्यात, पण तोवर तिथे गेले नव्हते. शनिवारी सकाळी निघायचं, सांग्याकडे एका घरगुती होमस्टेत राहायचं, रविवारी परत. पैशांचं पाकीट मी त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, यात भागव, उरलेले तुझे.

हे 'उरलेले तुझे' फार कामाचं निघालं. मडगावला त्याने एकदम दोन भाजी-पाव मागवायच्या ऐवजी एक मागवला, मग माझ्याकडे बघून दुसरा मागवला. केप्याच्या स्टँडवर तो चुकीच्या बसमध्ये चढला. मला बोर्ड दिसत होता. मी चढले त्याच्या मागून. दोन थांबे गेल्यावर कंडक्टरने तिकिटासाठी हात पुढे केला, गावाचं नाव ऐकलं आणि बस थांबवून आम्हाला उतरवलं. परत चालत स्टँडवर आलो तेव्हा आमची बस गेलेली. 'आतां गाडी ना,' असं एका दुकानदाराने सांगितलं आणि बाकड्यावरची पोती बाजूला सारून बसायला जागा केली. घरी हेच झालं असतं तर मी बोलले असते, तो चिडला असता, आणि दुपार गेली असती. इथे चिडायला कुणी समोर नव्हतं. बस त्याची, चूक त्याची, वाट बघणंही त्याचंच.

त्या बाकड्यावर बसून तो पाकिटातल्या नोटा मोजत होता. मोजता मोजता म्हणाला, 'आई, तुझा पगार किती?' पंधरा वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. सांगितला. मग घराचा हप्ता किती, आजीच्या औषधांना किती लागतात, त्याच्या क्लासची फी कोण भरतं, सगळं निघालं. तो गप्प झाला. मग म्हणाला, 'म्हणजे बाबांचा पगार गेला तर आपण हप्ता भरू शकत नाही.' मी म्हटलं, बरोबर. पालकांनी मुलांना पैशांची जाणीव द्यावी, असली व्याख्यानं आपण शाळेच्या हॉलमध्ये ठेवतो, आहेर देतो, शाल घालतो. ती जाणीव केप्याच्या स्टँडवर बस चुकल्यामुळे झाली. आणि ती झाली कारण त्या दिवशी पैसे खरोखरच त्याच्या हातात होते आणि आम्हा दोघांकडे करायला दुसरं काहीच नव्हतं.

उसगाळीमळला रस्त्यापासून खाली नदीकडे उतरलो. दगड कोरडा होता आणि पहिल्यांदा काहीच दिसेना. तिथे एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले पाणी ओता. मुलाने बाटलीतलं पाणी ओतलं आणि दगडावर एक बैल उमटला. मोठं वशिंड, वळलेली शिंगं. पुढे हरणं, पुढे वर्तुळात वर्तुळं घातलेली चक्रव्यूहासारखी आकृती. त्याने सगळी बाटली संपवली, मग माझी संपवली, मग नदीवर जाऊन भरून आणली. फोटो काढलेच, शंभरेक तरी. मोबाईल काढून घ्यायचा विचार माझ्या मनात आला नाही, कारण बसच्या वेळाही त्यातच होत्या.

लहान मुलाला घेऊन प्रवास करण्याची परंपरा आपल्याकडे नाही असं म्हणता येत नाही. धर्मानंद कोसंबी आपल्याच सांखवाळचे. बौद्ध ग्रंथांच्या कामासाठी हार्वर्डला जाताना १९१८ मध्ये त्यांनी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांना बरोबर अमेरिकेला नेलं. पुढे वडील परतले तरी मुलगा तिथे शिकत राहिला, आणि नंतर डी. डी. कोसंबी म्हणून गणितात आणि इतिहासात त्याने काय केलं ते सांगायला नको. ती सहल नव्हती, पोटापाण्याचं आणि विद्येचं काम होतं. शिवाय हेच धर्मानंद मुलगी तान्ही असताना घरदार सोडून ज्ञानाच्या शोधात निघून गेले होते, तेव्हा आदर्श बाप म्हणून त्यांची तसबीर लावा असं मी कुणाला सुचवत नाही. एवढंच की शंभर वर्षांपूर्वी, बोटीचा प्रवास असतानाही, गोव्यातल्या एका बापाला मुलांना बरोबर नेणं सुचलं होतं. आम्हाला तास-दीड तासाचं अंतर जड जातं.

यावर सर्वांत धारदार आक्षेप पैशांचा येतो. हे मध्यमवर्गी चोचले आहेत, बागायतीत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला दोन दिवस काय आणि सहल काय! खरं आहे. तिचे दोन दिवसांचे पैसे बुडतील, ते शाळा भरून देणार नाही. पण चोचले कशाला म्हणायचं तेही बघू. जुने गोवेहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही. पणजीत पाटो भागातलं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची सुरुवात १८३२ पर्यंत मागे जाते, तिथे वाचत बसायला कुणी पैसे मागत नाही. नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीवर टाळी वाजवली की पाण्यातून बुडबुडे वर येतात, तेही फुकट. खर्च आहे तो बसभाड्याचा आणि दोन वेळच्या जेवणाचा. रोजंदारीवरच्या बाईला एक दिवस जमला तर एकच दिवस जावं. दोन दिवस बाहेर काढलेच पाहिजेत असा कायदा मी मागत नाही. महाग आहे ती आपली सहलीची कल्पना, ज्यात स्विमिंग पूल असलाच पाहिजे.

आणि वेळेचं म्हणाल तर सुट्टी मिळणाऱ्यांचंही काही सरळ नाही. केंद्र सरकारच्या रजानियमांत बालसंगोपन रजा आहे. नोकरीच्या पूर्ण काळात ७३० दिवस, पहिल्या दोन मुलांसाठी, ती अठरा वर्षांची होईपर्यंत. उदार नियम आहे. पण त्यात मुलाच्या गरजा म्हणून जी उदाहरणं दिलीत ती शिक्षण आणि आजारपण. कचेऱ्यांतून बघा, ही रजा निघते ती दहावी-बारावीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. आई घरात बसून मुलावर पहारा देते, तो अभ्यास करतो की मोबाईल बघतो याच्यावर. म्हणजे आईने रजा घ्यायची, तीही दोघांनी एकमेकांचा जीव नकोसा करायला. आणि ही रजा बापाला मिळत नाही. एकल पालक असेल तरच पुरुषाला ती आहे. ज्या बापाचं मुलीशी तेराव्या वर्षापासून बोलणं कमी कमी होत गेलंय, त्याला नियम सांगतो की तुझं काम नाही हे.

बाप-लेकीबद्दल मुद्दाम लिहिते. आमच्याकडे मुलगी वयात आली की बाप एक पाऊल मागे सरतो. प्रेम कमी होत नाही, पण बोलणं आईमार्फत चालू होतं. 'तिला विचार, तिला पाहिजे का.' दोघंच कुठे गेलीत असं दृश्य विरळा. त्यात गोव्याच्या हॉटेलांत पन्नाशीचा माणूस आणि पंधराची मुलगी दिसली की काउंटरवरच्या माणसाची भुवई वर जाते. कागदपत्रं मागतात, दोनदा बघतात. हे अपमानास्पद वाटतं, पण ते मागतात हे बरंच आहे. गोव्यात मुलींच्या बाबतीत काय काय घडतं ते आपण पेपरात वाचतो, तेव्हा आधारकार्ड दाखवायला बापाने नाक मुरडू नये. ती भुवई वर जाते म्हणून मुलीला घेऊन जायचंच नाही, हे मात्र चूक. बाप-लेक जेवढी जास्त दिसतील तेवढी ती भुवई खाली येईल.

दुसरा आक्षेप माझ्या मैत्रिणीचा. ती म्हणते, 'तू नेशील गं, पण त्यांना आपल्याबरोबर यायचंय कुठे? त्यांना मित्र हवेत.' हवेतच. या वयात मित्र नको असतील तर डॉक्टरकडे न्यावं. म्हणून तर दोन दिवस म्हणते, पंधरा नाही. आणि मुलगा नाही म्हणाला तर नाही. त्या वर्षी ते दिवस वाया गेले असं समजायचं, पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं. ओढून नेलेल्या सहलीसारखी वाईट गोष्ट नाही. माझा अनुभव मात्र असा की 'चल, मी ठरवलंय' याला नकार येतो आणि 'कुठे जाऊ या, तूच सांग' याला निदान विचार करून उत्तर येतं.

भावंडांचं काय, हेही विचारतात. एकाला नेलं तर दुसरी रुसेल. रुसू दे. तिचाही नंबर लागेल, तिच्या वयात, तिच्या आवडीच्या ठिकाणी, आणि कदाचित बाबांबरोबर. सगळ्या मुलांना सगळं एकाच वेळी सारखं वाटणं हा न्याय जिलबीच्या वाटपात ठीक आहे.

शाळेचं म्हणणं काय असेल तेही ठाऊक आहे. आधीच दिवस पुरत नाहीत, पोर्शन संपत नाही, त्यात आणखी दोन दिवस? पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येच सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असं म्हटलंय, कारागिरांकडे जावं, बाहेरचं जग बघावं म्हणून. म्हणजे वर्गाबाहेर शिकणं होतं हे तत्त्व सरकारने मान्य केलेलं आहे. फक्त आठवी संपली की ते ठरलेले दहा दिवस संपतात, जणू नववीपासून बाहेरचं जग बंद होतं. चाळीस मुलं एकाच वेळी गैरहजर राहतील अशीही भीती नको. मोसम वेगवेगळे, नोकऱ्या वेगवेगळ्या. ट्रॉलरवाल्याचा मुलगा जुलैत जाईल, बँकेतल्या आईची मुलगी ऑक्टोबरात.

काहीजण या दिवसांत लग्नाला जातील, काहीजण क्लासच्या टेस्टची तयारी करतील. जातील तर जाऊ देत. आजही चतुर्थी संपून शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस वर्ग अर्धे रिकामे असतात आणि आभाळ कोसळत नाही. तपासणी वगैरे नको. अर्ज एका ओळीचा असावा आणि त्याच्यावर सही पालकाबरोबर मुलाचीही असावी.

एक भीती मात्र मला खरीच आहे. शाळांनी हे मान्य केलं तर दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघेल: परत आल्यावर 'माझा अविस्मरणीय प्रवास' या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध, फोटोंसह चिकटवही, दहा गुण. तसं झालं तर हे दोन दिवस न दिलेलेच बरे. मुलगा बसमध्ये बसल्यापासून निबंधात काय लिहायचं याचा विचार करील, आई फोटोंचे अँगल बघील, आणि रविवारी रात्री साडेअकराला जेवणाच्या टेबलावर कात्री-गोंद घेऊन चिकटवही पूर्ण करत बसेल ती आईच.